सी विंगखालची मासळी

संघप्रियाने एम.एस्सी.ला कुठला विषय घेतलाय, असं कुणी विचारलं की उत्तर तिच्याआधी तिचे वडील देत. "इकॉलॉजी अँड कॉन्झर्व्हेशन," श्रीपती एका दमात म्हणत, आणि समोरच्याच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही की पुरवणी जोडत, "म्हणजे निसर्गाची डॉक्टरकीच समजा." हिंगोलीकडच्या नातेवाइकांचा, फोनवर जय भीम झाल्यानंतरचा पहिला प्रश्न ठरलेला असे: यातून नोकरी कुठं लागते? एका काकांनी तर सामाजिक वनीकरणात ओळख आहे, पोरीला रोपवाटिकेवर चिकटवून देऊ का, असं विचारूनही टाकलं. श्रीपतींनी त्यांना शांतपणे सांगितलं की पोरगी रोपं लावायला नाही, कुठलं झाड कुणासाठी उभं आहे ते शिकायला गेलीय. काकांना ते कळलं नाही, पण पुन्हा विचारायची त्यांची हिंमत झाली नाही.

संघप्रिया स्वतः मात्र या प्रश्नाला बगल द्यायची. वर्गातल्या मुलामुलींनी प्रकल्पासाठी वाघ, बिबटे, सह्याद्रीतले बेडूक असे भारदस्त विषय उचलले होते. कुणाकडे गाडी होती, कुणाचा मामा वनखात्यात होता. हिच्या वाट्याला आलं मीरा रोडच्या शांती नगरमधलं एक झाड, तेही राहत्या सोसायटीच्या कंपाउंडमधलं. "तुझ्या खिडकीसमोर बगळ्यांची अख्खी वसाहत आहे आणि तू विषय शोधत फिरतेयस?" असं तिच्या मार्गदर्शक क्षितिजा मॅडम म्हणाल्या, आणि तिथेच विषय ठरला. ती हो म्हणाली खरी, पण घरी येईपर्यंत तोंड पाडून होती. बाकीचे जंगलात जाणार आणि आपण आईच्या स्वयंपाकघरात बसणार, याचं कुणालाही वाईट वाटेल.

झाड तसं तोलामोलाचं होतं. सोसायटी उभी राहायच्या आधीपासूनचा रेन ट्री, सी विंगच्या भिंतीला जवळजवळ टेकलेला. उन्हाळा सरत आला की त्यावर रातबगळे उतरत, मागोमाग गायबगळे येत, आणि बघता बघता फांद्यांवर काटक्यांची घरटी दाटीवाटीने लागत. पुस्तकात अशा वस्तीला सारंगागार म्हणतात. सोसायटीत तिला 'वो गंदगी' म्हणत, कारण झाडाखाली गाड्या उभ्या असत आणि बगळ्यांचं पांढऱ्या गाडीशी विशेष वाकडं असावं. रातबगळा हा मोठा तऱ्हेवाईक पक्षी. लाल डोळे, मान खांद्यांत खुपसलेली, रिटायर्ड साहेबासारखा दिवसभर कुणाशी न बोलता बसणार, आणि दिवेलागण झाली की घसा खरवडल्यासारखा ओरडून खाडीकडे नाहीतर मिठागरांकडे कामाला निघणार. पहाटे तो पिल्लांसाठी पोटभर मासळी घेऊन परते, त्याच सुमाराला श्रीपती टपालखात्यातल्या सॉर्टिंगच्या पाळीला निघत. एक यायचा, एक जायचा, असा त्या दोघांचा शिरस्ता होता.

दुसऱ्या मजल्यावरच्या ओट्याशी बसून बघता बघता संघप्रियाला झाडाने असं काही धरलं की वाघ आणि बेडूक कधी डोक्यातून गेले, तिचं तिला कळलं नाही. कुठल्या घरट्यातली मादी भांडकुदळ, कुठला नर आळशी आणि दुसऱ्याच्या घरट्यातल्या काटक्या पळवतो, हे ती आईला मालिकेसारखं सांगायची. कांताबाई साड्यांना पिको-फॉल करत ऐकायच्या आणि एखाद्या दिवशी स्वतःच विचारायच्या, "त्या चोरट्याचं काय झालं गं?" संघप्रियाला पहिल्यांदाच असं वाटू लागलं होतं की आपण योग्य गाडीत बसलोय.

घर भाड्याचं होतं. आधी ही मंडळी भाईंदरला खारी भागात एका खोलीत राहायची. पोरीला अभ्यासाला टेबल मावेल अशी जागा हवी, म्हणून श्रीपतींनी शांती नगर गाठलं. घर दाखवताना एजंटने आवाज खाली आणून विचारलं होतं, "नॉनव्हेज?" श्रीपती म्हणाले, "खातो. चोरून खात नाही." मालक सुरतेला राहायचा, त्याला सरकारी नोकरीवाला भाडेकरू हवा होता, म्हणून जमून गेलं. श्रीपती तसे ताठ कण्याचे. ऐन उमेदीत एका साहेबाने न केलेल्या चुकीची माफी मागायला सांगितली, तर यांनी सोलापूरची बदली पत्करली, माफी मागितली नाही. ती गोष्ट घरात इतक्यांदा सांगून झाली होती की संघप्रिया लहानपणी तिला झोपायच्या आधीची गोष्ट समजायची.

आषाढ निम्मा सरला, जैन मंडळींचा चौमासा सुरू झाला, आणि सोसायटीत मासळी पडू लागली.

पहिली सापडली ती तळमजल्यावरच्या हंसाबेनना, आणि सापडली म्हणजे पायाखालीच आली. हंसाबेन एकट्या राहायच्या. चौमासात पहाटे अनवाणी देरासरला, जैन मंदिरात, जायचा त्यांचा नेम. अंधुक उजेडात सी विंगच्या दाराशी त्यांच्या तळव्याखाली काहीतरी गार, बुळबुळीत चिरडलं गेलं. त्यांनी मोबाइलचा दिवा लावून पाहिलं आणि भिंतीला धरून मटकन खाली बसल्या. घरी जाऊन पुन्हा आंघोळ, पुन्हा कपडे, आणि त्या दिवशी पाणीसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी आणखी दोन मासे पडले होते. तिसऱ्या दिवशी कुणाच्या तरी स्कूटरच्या सीटवर एक.

सी विंगमध्ये मासळी खाणारी घरं तशी चार-पाच निघाली असती, पण उघडपणे खाणारं एकच होतं. सेक्रेटरी परागभाई, बाथरूमच्या नळांचे व्यापारी, बोलायला अगदी साखर. ते स्वतः वर आले. "श्रीपतीभाई, बुरा नहीं मानना. आप का खाना आप का. लेकिन खिड़की से मत फेंको. चौमासा चल रहा है."

"आमच्या खिडकीतून काही पडत नाही," श्रीपती मराठीतच म्हणाले, दारात उभं राहून, आत या न म्हणता.

"तो फिर कौन फेंकता है?"

"ते तुम्ही शोधा. सेक्रेटरी तुम्ही आहात."

संघप्रिया आत टेबलाशी बसून हे ऐकत होती. कौन फेंकता है, ते तिला ठाऊक होतं. सकाळी खाली जाऊन तिने ती मासळी पाहिली होती. खाडीच्या चिखलात उड्या मारणारी ती निवटी होती, अर्धी पचलेली, डोक्याकडून गिळलेली. बगळ्याचं पिल्लू घाबरलं, किंवा दोन पिल्लांत घासासाठी ओढाताण झाली, की पोटातलं बाहेर टाकतं. पहिल्या सत्रातल्या पोराटोरालाही हे कळलं असतं. तिच्या घरात निवटी कधी शिजलीच नव्हती. हिंगोलीकडच्या माणसांना बोंबील, सुकट, मांदेली आणि फार तर बांगडा, याच्यापुढची मासळी ओळखूही येत नाही.

मग ती बोलली का नाही? कारण परागभाईंची पांढरी गाडी झाडाखाली उभी असायची. कारण गेल्याच वर्षी कमिटीने महापालिकेच्या उद्यान विभागाकडे 'धोकादायक झाड' म्हणून अर्ज टाकला होता आणि तो अजून मागे घेतलेला नव्हता. घरटी असलेलं झाड तोडता येत नाही, हा नियम तिला पाठ होता, आणि एखाद्या रविवारी सकाळी साहेबलोक झोपेत असताना चार माणसं करवत घेऊन येतात आणि फांद्यांचा ढीग करून जातात, हेही तिने शांती नगरमध्येच पाहिलं होतं. आतापर्यंत बगळे फक्त घाण करत होते. आता ते चौमासात जैनांच्या दारात मासळी टाकतात असं कळलं, तर झाड आठवडाभरही उभं राहणार नाही. पिल्लं अजून उडती झाली नव्हती. आणि तिचा प्रकल्प, तिची पदवी, सगळंच त्या फांद्यांवर होतं. अजून थोडे दिवस, असं ती मनाशी म्हणाली. पिल्लं उडाली की सांगून टाकू.

माणूस एकदा थोडे दिवस म्हणाला की त्या दिवसांना शेपूट फुटत जातं. सोसायटीच्या ग्रुपवर नाव न घेता मेसेज फिरू लागले, 'कुछ लोग' असे. लिफ्टमध्ये कांताबाई शिरल्या की एखादी बाई, काहीतरी विसरल्यासारखं करून बाहेर पडायची. कांताबाईंनी घरात मासळी करणंच बंद केलं, तरी खाली मासळी पडतच राहिली. त्यावरून कुणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. पण पडला तो असा, की ही माणसं आता मुद्दाम करतायत.

सुरुवातीला श्रीपती तावातावाने भांडले. वॉचमनच्या केबिनपाशी उभं राहून त्यांनी परागभाईंना कायदाही ऐकवला. मग एकाएकी ते गप्प झाले. कुणी टोमणा मारला तरी खाली बघून निघून जायला लागले. संघप्रियाला वाटलं, पप्पा थकले. तरी ती ओट्याशी बसून घरटी बघत राहायची. स्वतःची इतकी लाज तिला पूर्वी कधी वाटली नव्हती.

अशात एका वादळी रात्रीनंतर दाराची बेल वाजली. दारात हंसाबेन उभ्या, हातात प्लास्टिकचा टब, आणि टबात दुपट्ट्यावर बसलेलं रातबगळ्याचं एक पिल्लू, विस्कटलेलं, डोळे वटारलेलं. या घराच्या पायरीला हंसाबेनचा पाय तोवर कधी लागला नव्हता. त्या उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या.

"बेटा, तू पंखी का पढ़ती है ना? झाड़ के नीचे पड़ा था. दूध दिया, भिगोया हुआ मूंग दिया. कुछ खाता ही नहीं. मर जाएगा."

त्यांचे डोळे भरून आले होते. जिच्या पायाखालच्या मासळीवरून हे सगळं सुरू झालं ती ही, असं मनात आणूनही संघप्रियाला राग येईना. तिने टब घेतला. पक्षी वाचवणाऱ्या एका संस्थेला फोन केला, तर तिथून उत्तर आलं की या दिवसांत पिंजरे भरलेत, घरटं उंचावर असेल तर चढू नका, आम्ही येईपर्यंत बारीक मासळी भरवत राहा. संघप्रियाने फोन ठेवला. हंसाबेन विचारत होत्या, "क्या बोले? क्या खिलाना है?"

"है एक खाना, मासी. कॉलेज में सिखाया है. मैं खिलाती हूँ," ती म्हणाली आणि दार हलकेच लोटून घेतलं.

कांताबाईंनी कपाळाला हात लावला, पण दुपारी बाजारातून मांदेली आणली आणि बारीक तुकडे करून पोरीच्या हातात दिली. पिल्लाने पहिला घास बोटासकट ओढला. चार दिवसांत ते ओट्यावरून टेबलावर उडी मारू लागलं. हंसाबेन रोज दुपारी येऊ लागल्या. आधी उंबऱ्याबाहेरून, मग दाराशी, आणि एका दिवशी गुडघे दुखतात म्हणून कांताबाईंनी पुढे केलेल्या स्टुलावर. "मारो डीकरो केम छे?", माझा लेक कसा आहे, असं त्या पिल्लाला विचारायच्या आणि कांताबाईंच्या मशीनवरच्या साड्यांचे रंग बघत बसायच्या. त्यांना दोन मुलगे होते, दोघेही अमेरिकेत, हे कांताबाईंना त्या स्टुलावरूनच कळलं. घरात वास येत असणार, त्यांच्या नाकाला तो कळतही असणार, पण त्यांनी कधी विचारलं नाही.

मग एकदा शेगडीवरच्या कुकरने शिट्टी मारली आणि पिल्लू असं दचकलं की त्याने सकाळची सगळी मांदेली कांताबाईंच्या पायाशी ओकली. कांताबाई त्या अर्ध्या विरघळलेल्या तुकड्यांकडे बघत राहिल्या. मग खिडकीबाहेरच्या झाडाकडे पाहिलं. मग पोरीकडे.

"खाली पडायलंय ते हेच आहे ना?"

संघप्रियाने मान हलवली.

"तुला ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून."

"आई, झाड कापतील ते. पिल्लं उडू देत, मी सांगणारच आहे."

"झाडाला तोंड नाही म्हणून तू त्याची बाजू घ्यायलीस," कांताबाई म्हणाल्या. आवाज चढवायची त्यांना सवय नव्हती, आताही चढवला नाही. "तुझ्या बापाला तोंड असून तो गप बसलाय. त्याची बाजू कोणी घ्यायची?"

त्याच संध्याकाळी सुरतेहून घरमालकाचा फोन आला. सोसायटीकडून तक्रार आली आहे, तुमचं करारपत्र पुढे वाढवणं कठीण दिसतंय, रविवारच्या मीटिंगमध्ये मिटवून घ्या, असं तो म्हणाला. श्रीपतींनी "बरं" एवढंच उत्तर दिलं. कांताबाईंनी पोरीला रविवारपर्यंतची मुदत दिली. तिथं तू सांग, नाहीतर मी सांगते, असं त्यांनी बजावलं.

संघप्रियाने आयुष्यातल्या कुठल्याही परीक्षेची केली नसेल अशी तयारी त्या मीटिंगची केली. फोटो काढले, नियम शोधले, क्षितिजा मॅडमना विचारून झाडाखाली जाळी कशी बांधतात ते समजून घेतलं. आधी बगळे शेतीला कसे उपयोगी ते सांगायचं, मग कायदा, मग जाळी, आणि सगळ्यांत शेवटी मासळी, असा क्रम तिने ठरवला. औषधाआधी साखर द्यावी तसा. झाड वाचेल याची खात्री तिला त्यातल्या एकाही मुद्द्यावर नव्हती.

मीटिंग ए विंगच्या पार्किंगमध्ये, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. पाण्याच्या टाकीवर बरंच भांडण झालं, लिफ्टवर त्याहून थोडं कमी, आणि मग परागभाईंनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "अब वो दूसरा विषय." संघप्रिया उठणार, तेवढ्यात तिच्या शेजारची खुर्ची सरकली. श्रीपती उभे राहिले होते. त्यांनी हात पुढे बांधले, शाळेतल्या मुलासारखे.

"मच्छी हमारे घर से ही गिरती थी," ते म्हणाले. "गलती हो गयी. आगे से नहीं होगा. सब लोग माफ करना."

आणि त्यांनी मान खाली घातली. सोलापूरची बदली पत्करलेला माणूस, नळवाल्या परागभाईंपुढे, न केलेल्या गोष्टीसाठी. तिचे मुद्दे, तिचा क्रम, तिची जाळी, सगळं डोक्यातून पुसलं गेलं. परागभाई समाधानाने "हो गया, हो गया, बैठो" म्हणत होते आणि ती उठून उभी राहिली.

"पप्पा झूठ बोल रहे हैं," ती म्हणाली. "हमारे घर से एक भी मच्छी नहीं गिरी. बगुले के बच्चे गिराते हैं. मुझे पहले दिन से मालूम था. झाड़ कट जाएगा इसलिए मैं चुप बैठी."

पार्किंगमध्ये कुजबुज उठली. बगळा मासे खातो, याचं बऱ्याच जणांना खरोखरच आश्चर्य वाटलेलं दिसलं. तिने मोबाइलवरचे फोटो पुढे केले, ते या हातातून त्या हातात गेले. पिल्लाच्या चोचीतून लोंबणारी निवटी बघून एका बाईने मोबाइल शेजारणीकडे ढकलला. शेवटी तो परागभाईंकडे पोचला. त्यांनी नीट पाहिलं, आणि हा व्यवहारी माणूस, तो जे म्हणेल याची तिला धास्ती होती तेच म्हणाला.

"तो झगड़ा ही खतम. झाड़ निकाल देते हैं. अर्जी तो पड़ी ही है."

"घोंसलों वाला झाड़ काट नहीं सकते. कानून है," संघप्रिया म्हणाली, पण तिचा आवाज तिला स्वतःलाच बारीक वाटला.

"परमिशन ले लेंगे, बेटा."

चार माना हलल्या, मग आठ. तेवढ्यात पुढच्या रांगेतून हंसाबेन वळल्या. त्यांनी परागभाईंकडे पाहिलंच नाही.

"तो मेरे डीकरे को तूने क्या खिलाया?"

आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "मच्छी," संघप्रिया म्हणाली. "रोज."

"मांदेली," मागून कांताबाई म्हणाल्या. "बारीक करके. मैं देती थी."

हंसाबेननी डोळे मिटले. त्यांचे ओठ काहीतरी पुटपुटत होते. आपण या म्हाताऱ्या बाईला तिच्या व्रताच्या महिन्यांत केवढा धक्का दिला, या विचाराने संघप्रियाला रडू यायचं बाकी राहिलं. मग हंसाबेननी डोळे उघडले.

"जी गया ना?"

"जी गया, मासी. कल झाड़ पर उड़ के बैठा. बाकी सब के साथ."

"फिर?" हंसाबेन खुर्चीचा हात धरून उठल्या. "पराग, अर्जी वापस ले. चौमासे में अपने साधु महाराज साहेब भी एक जगह बैठते हैं, पाँव के नीचे जीव न आ जाए इसलिए. और हम घोंसले काटेंगे? उस को भगवान ने मच्छी खाने वाला बनाया तो वो क्या करे, मूंग खाए? मैंने खिला के देखा. नहीं खाता."

"मासी, मच्छी आप के ही पाँव में आयी थी," परागभाई काकुळतीने म्हणाले.

"मेरे पाँव में आयी थी. पाँव मैंने धो लिया."

चौमासात हंसाबेनच्या विरुद्ध बोलायला अख्ख्या सोसायटीत कुणी धजावलं नसतं. मग त्या हळूहळू चालत श्रीपतींसमोर आल्या, दोन्ही हात जोडले आणि म्हणाल्या, "मिच्छामि दुक्कडम्." वर्षभरात कळत नकळत कुणाला दुखावलं असेल तर माफी म्हणून पर्युषणाच्या शेवटी एकमेकांना म्हणायचं ते वाक्य. पर्युषण अजून यायचं होतं. त्यांनी तोवर थांबायचं नाही असं ठरवलं असावं. श्रीपती पुरते हडबडले, त्यांनीही हात जोडले, आणि तोंडाला सवयीचं होतं तेच त्यांच्या तोंडून निघालं, "जय भीम."

अर्ज परत घेतला गेला. चौमासा संपेपर्यंत झाडाला हात लावायचा नाही, असं ठरलं. कार्तिकात चौमासा संपतो तोवर शेवटचं पिल्लूही उडून गेलेलं असतं, हे संघप्रियाने त्या दिवशी हिशोब मांडून पाहिलं आणि तिला हसू आलं. दरवर्षी चौमासा येणार, दरवर्षी तो बगळ्यांच्या विणीला पांघरूण घालणार, आणि एवढं भक्कम संरक्षण तिच्या कुठल्या पाठ्यपुस्तकात दिलेलं नव्हतं. झाडाखाली जाळी बांधली, ती परागभाईंनी कुणा ओळखीच्याकडून स्वस्तात आणली आणि त्याचं श्रेय वर्षभर सांगत राहिले. जाळीत पडणाऱ्या मासळीमुळे संघप्रियाच्या प्रकल्पाला नवाच विषय मिळाला: शहरातल्या बगळ्यांची पिल्लं नेमकं काय खाऊन वाढतात. क्षितिजा मॅडमनी तो पुढे पीएच.डी.पर्यंत ओढायचं बोलून दाखवलंय. हंसाबेन अजूनही रोज विचारतात, बच्चे कितने हुए. जाळी उतरवायच्या वेळी मात्र तोंड दुसरीकडे फिरवतात. सुरतेच्या मालकाने करार वाढवला.

पण हे सगळं नंतरचं. त्या रविवारी मीटिंग सुटल्यावर तिघं लिफ्टने न जाता जिन्याने वर निघाली. पहिल्या वळणावर संघप्रियाला राहवेना.

"पप्पा, तुम्ही कबूल का केलंत?"

श्रीपती दोन पायऱ्या पुढे होते. ते थांबले, पण वळले नाहीत. "मला ठाऊक होतं. बरेच दिवस झाले. पहाटे निघालो होतो, छत्रीवर पडली एक. वर बघितलं तर पिल्लू."

"मग परागभाईंना सांगितलं का नाहीत? तुम्ही तर भांडत होता."

"सांगितलं असतं तर झाड गेलं असतं. तुझी पदवी त्या झाडावर आहे." जसं काही पोस्टाची वेळ सांगावी, तशा सुरात ते बोलत होते. "घरं काय, जन्मभर बदलत आलोय. एक आणखी."

संघप्रिया पायरीवर बसली. आपण बापाला बोल खाऊ दिले, या लाजेत इतके दिवस ती झोपली नव्हती, आणि बाप डोळे उघडे ठेवून ते बोल खात होता, तिच्यासाठी. एकाच झाडापायी एका घरातली दोन माणसं एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत बसली होती. मागून कांताबाई धापा टाकत आल्या आणि म्हणाल्या, "दोघं बी एका माळेचे मणी. मधल्या मधी मी येडी." त्या दोघांना ओलांडून वर निघून गेल्या.

"पण तू कशाला उठलीस?" श्रीपती आता वळले होते आणि त्यांच्या आवाजात खरीच चीड होती. "माझं बोलून झालं होतं. मिटलं होतं. झाडही राहिलं असतं. हंसाबेन उभ्या राहतील हे तुला ठाऊक होतं का?"

"नव्हतं."

"मग झाड गेलं असतं ना हातचं."

"गेलं असतं," संघप्रिया म्हणाली. "पण तुम्ही मान खाली घातलीत, पप्पा. ते मला बघवलं नाही. माझ्यासाठीसुद्धा तुम्ही ती घालायची नाही."

श्रीपती पोरीच्या शेजारी पायरीवर बसले, खिशातून रुमाल काढला, आणि जिन्यातून ये-जा करणाऱ्या शेजाऱ्यांची पर्वा न करता डोळे पुसत राहिले.